आधी मोठ्यांचा मोबाइल

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची शालेय आंतरवासिता मी विट्यातल्या एका माध्यमिक शाळेत केली. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. आठवी, नववी आणि दहावीचे तास मिळाले. शिवाय परिपाठ, बदली तास आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकणे हेही वाट्याला आले. पाठ टाचण कसे काढायचे, फलकलेखन कसे करायचे, प्रश्न विचारून किती थांबायचे हे महाविद्यालयाने नीट शिकवले होते. माहिती तंत्रज्ञानाच्या पेपरात स्लाइड करायलाही शिकवल्या होत्या. पण शाळेचा निम्मा कारभार आता ज्या मोबाइलवर चालतो, तो हातात असताना शिक्षकाने कसे वागावे, हे कुठल्या पेपरात नव्हते. ते शाळेत आल्यावर कळत गेले.

सोशल मीडियाचा विषय निघाला की सगळ्यांच्या तोंडी मुलांचीच तक्रार असते. मुले बिघडली, मुलांचे लक्ष नाही, मुले रील बघतात. मला वर्गात जे दिसले त्यावरून माझे मत झाले आहे की शिस्तीची पहिली गरज आम्हा मोठ्यांना आहे: शिक्षकांना, शाळांना आणि पालकांना. पुढचे बोल त्याच अनुभवाचे आहेत.

१. बंदी हवीच, पण बंदीने काम संपत नाही

शाळेत मुलांनी मोबाइल आणायचा नाही, हा नियम मला पटतो. तो शिथिल करावा असे मी कधीच म्हणणार नाही. पण मोबाइल दप्तरात नसला तरी मुलांच्या बोलण्यात असतो. सोमवारी पहिल्या तासाला वर्गात जावे तर आदल्या रात्री कुणाची रील किती चालली याचीच कुजबुज असते. नववीच्या एका मुलाने ‘माझा आवडता सण’ हा निबंध लिहिला. सुरुवात होती, ‘नमस्कार मित्रांनो, आज आपण बघणार आहोत दसरा.’ मध्ये विट्याच्या पालखी शर्यतीचे वर्णन इतके जिवंत होते की मी ते वर्गात वाचून दाखवले. शेवट होता, ‘भेटूया पुढच्या निबंधात.’ त्याने ही शैली कुठून घेतली हे सांगायला नको. मी तो निबंध लाल शाईने खोडला नाही. ‘समोर कॅमेरा नाही, वाचणारा आहे, त्याच्यासाठी पहिले वाक्य पुन्हा लिही,’ एवढेच सांगितले. दुसऱ्या खेपेला त्याने पालखी उचलणाऱ्यांच्या खांद्यांपासून सुरुवात केली.

‘असर’ या देशभरच्या ग्रामीण पाहणीचा २०२४ चा अहवाल वाचण्यासारखा आहे. १४ ते १६ वयाच्या मुलामुलींपैकी ८२ टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. म्हणजे आठवी ते दहावीच्या वर्गात मी उभी असते, तेव्हा समोरच्या निम्म्याहून अधिक जणांनी आदल्या आठवड्यात हे जग पाहिलेले असते. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांची सोशल मीडियावरची खातीच बंद करायला लावली. आपल्याकडे तसे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत फाटकावर मोबाइल अडवायचा आणि वर्गात त्याबद्दल बोलायचे, ही दोन्ही कामे आमचीच आहेत.

२. ही पिढी मोबाइलवर आपणच आणली

मी शिकवलेली नववी २०२० साली चौथीत होती. शाळा बंद झाल्या तेव्हा राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली आणि तिच्या लिंक व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोचू लागल्या. पाठोपाठ ‘स्वाध्याय’ ही प्रश्नमंजूषाही व्हॉट्सॲपवर आली. त्या काळात हे करणे आवश्यक होते आणि ज्या शिक्षकांनी रोज सकाळी न चुकता ते पाठवले त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्या वर्षी मी स्वतः बारावीत होते, आमची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. मोबाइलच्या पडद्यावर शिकणे म्हणजे काय, हे मी शिक्षक होण्याआधी विद्यार्थिनी म्हणून भोगले आहे.

म्हणून मुलांना ‘तुम्हाला मोबाइलचा नाद लागला’ असे म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात तो आपणच दिला, त्यावर शाळा भरवली आणि शाळा उघडल्यावर परत घ्यायचे राहून गेले. इन्स्टाग्रामचा स्वतःचा नियम किमान १३ वर्षांचा आहे. तरी ज्या मुलांशी मी बोलले त्यांतल्या बऱ्याच जणांची खाती सहावी-सातवीतच उघडलेली होती, आणि जन्मतारीख बदलून ती उघडून देणारे थोरला भाऊ, मामा, काका असे घरातलेच कुणी होते.

३. विट्याच्या घरात मोबाइलच बाप असतो

हे वाक्य कठोर वाटेल, पण इथल्या माणसाला ते लगेच कळेल. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा दुष्काळी पट्टा. पाऊस नाही म्हणून इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात बाहेर पडली. जुने दागिने वितळवायचे, सोने-चांदी आटवून शुद्ध करायची, हे ते काम. केरळ, तमिळनाडू, आंध्र, पंजाब, बंगाल असे करत देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात गेलात तर इकडचा गलाईवाला भेटतो. काही जण बायकामुलांसह तिकडेच राहतात. काहींची मुले मात्र शाळेसाठी गावाकडे आजी-आजोबांजवळ असतात.

आठवीत असा एक मुलगा होता. वडील तमिळनाडूतल्या एका गावी गलाईच्या दुकानात. हा इथे आजीजवळ. वही तपासून मी शेरा लिहिला, ‘अक्षर सुधारले, शाब्बास.’ मधल्या सुट्टीत तो वही घेऊन परत आला. ‘मॅडम, ह्याचा फोटो पप्पांना पाठवता का? आजीला पाठवाय येत न्हाय.’ वर्गशिक्षिकांना विचारून त्यांच्या फोनवरून तो फोटो पाठवला. रात्री भट्टी बंद करून आल्यावर वडिलांचा आवाजी निरोप आला. मागे वाहनांचा गोंगाट होता. ‘मॅडम, पोराचं अक्षर लई सुधारलंय बघा. हितं बसून आमाला एवढंच बघाय मिळतं.’

पालकसभेला असे वडील कधी येत नाहीत. ते बेफिकीर नसतात, दीड-दोन दिवसांच्या प्रवासाच्या पलीकडे असतात. ‘शाळेने व्हॉट्सॲप पूर्ण बंद करावे’ असे शहरातल्या चर्चेत कुणी म्हणते तेव्हा मला ही माणसे आठवतात. वर्गाचा ग्रुप हाच त्यांचा आणि शाळेचा एकमेव धागा आहे. मुलाच्या वहीचे एक पान महिन्यातून एकदा वडिलांपर्यंत पोचणे, हा सोशल मीडियाचा मी पाहिलेला सगळ्यांत चांगला उपयोग. त्याला ना रील लागते ना शाळेचे पेज. वेळ मात्र लागतो, आणि साठ-सत्तर मुलांच्या वर्गात तो काढणे किती अवघड आहे हेही मी पाहिले आहे. तरीही ज्यांचे आईवडील बाहेरगावी आहेत त्यांची यादी तरी वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक वर्गशिक्षकाकडे असावी.

४. ग्रुपवर सूचना टाकाव्यात, मुलांची उणीदुणी नाहीत

ग्रुप चालवायचा तर त्याला शिस्त लागते. घटक चाचणीचे गुण नावानिशी ग्रुपवर टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्याने पालक जागे होतात, असे सांगितले जाते. मी जे पाहिले ते असे: गणितात पाच गुण मिळालेल्या मुलीचा आकडा संध्याकाळपर्यंत तिच्या चुलत्यांच्या, शेजाऱ्यांच्या आणि आत्याच्या फोनवर होता. कारण त्यांचीही मुले त्याच वर्गात. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. पुढे आली तरी गणिताच्या तासाला मान वर करेना. गुण त्या मुलीचे असतात. ते तिला, तिच्या पालकांना आणि विषयशिक्षकाला कळले की पुरे.

ग्रुपचे ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ हे सेटिंग चालू ठेवावे, म्हणजे शुभ सकाळ आणि वाढदिवसांच्या गर्दीत परीक्षेची तारीख बुडत नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. अनेक आयांनी स्वतःचा नंबर शाळेला विश्वासाने दिलेला असतो. तो वर्गातल्या सगळ्या घरांतल्या सगळ्या पुरुषांना दिसावा असे त्यांना वाटत नसते, आणि नको ते मेसेज आले तर त्या शाळेला सांगत नाहीत, गुपचूप ग्रुप सोडतात. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीतल्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ही सोय वापरायला पैसे लागत नाहीत.

रात्री आठनंतर ग्रुपवर काही टाकू नये.

५. मुलांचा चेहरा शाळेच्या मालकीचा नाही

या मुद्द्यावर मी सर्वांत जास्त विचार केला आहे.

शाळेत रोज काहीतरी साजरे होते. जयंती, पुण्यतिथी, वृक्षारोपण, हात धुवा दिन, वाचन प्रेरणा दिन. प्रत्येकाचा फोटो वरच्या कार्यालयाला हवा असतो, संस्थेच्या ग्रुपला हवा असतो, शाळेच्या फेसबुक पेजला हवा असतो. शिक्षक स्वतः याला कंटाळलेले आहेत, हे मी स्टाफरूममध्ये रोज ऐकले. तरी फोटो निघत राहतात.

वृक्षारोपणाच्या दिवशी मी नीट पाहिले. खड्डा खणून तयार होता. एका मुलाने रोप ठेवले, दुसऱ्याने माती लोटली. तेवढ्यात ‘थांबा’ असा आवाज आला. माती बाजूला झाली, रोप परत उचलले गेले, पाहुणे पुढे आले, मुले मागे सरली. ‘इकडे बघा’ झाले. फोटो निघाला. पाहुणे गेले. त्या मुलाने कुणी न सांगता परत येऊन माती दाबली, डबक्यातले पाणी ओंजळीने आणून घातले. त्याचा फोटो कुणी काढला नाही, हे मला बरेच वाटले. पण आधीच्या प्रसंगात तो मुलगा जे शिकला त्याची मला काळजी वाटते. काम फोटोपुरते असते, हे आम्ही त्याला कृतीतून शिकवतो आणि मग मुले लाइकसाठी जगतात म्हणून व्याख्यान देतो.

याहून वाईट फोटो मदतवाटपाचे. गरजू मुलांना वह्या, गणवेश, सायकल मिळते, ती मिळावीच. देणाऱ्याचे मनही चांगले असते. पण हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन रांगेत उभ्या केलेल्या मुलीचा चेहरा तालुकाभर फिरतो आणि तिच्या घरची परिस्थिती कायमची जाहीर होते. ती पुढे पोलिसात जाईल, डॉक्टर होईल, स्वतःची गलाई पेढी काढेल. तो फोटो तेव्हाही कुणीतरी शोधून काढू शकेल. तिला कुणी विचारले होते का?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानले आहे आणि बालकाची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घ्यावी हे तत्त्व घालून दिले आहे. कायद्याचा कीस वकील काढतील. मी स्वतःसाठी नियम ठरवले ते साधे आहेत. फोटो हातांचा, वहीचा, प्रकल्पाचा, पाठमोऱ्या वर्गाचा. चेहरा घ्यायचाच असेल तर पालकांची लेखी संमती आणि मुलाचा तोंडी होकार, दोन्ही. मुलाचे पूर्ण नाव, इयत्ता, शाळा आणि गाव एकाच पोस्टमध्ये कधी नाही. ती माहिती एकत्र मिळाली की अनोळखी माणसाला शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी येऊन त्या मुलाला नावाने हाक मारता येते. आणि मदत घेणाऱ्या मुलाचा फोटो कोणत्याही परिस्थितीत नाही.

सहामाहीनंतरच्या भित्तिपत्रक प्रदर्शनाचे फोटो मी याच पद्धतीने काढले. कागद धरलेली, रंगाने माखलेली बोटे. मुलांनी आपापले हात बरोबर ओळखले.

६. रील कुणाची आणि कुणासाठी

माझ्या बरोबरीच्या काही छात्राध्यापकांना वर्गात रील करायची हौस आहे. शिकवताना मागून चित्रीकरण, वर गाणे, मुले एका सुरात उत्तर देतात, टाळ्या. नव्या शिक्षकाला कुणीतरी ओळखावे असे वाटणे स्वाभाविक आहे, विशेषतः टीईटी, टेट, पवित्र पोर्टल या शिक्षकभरतीच्या फेऱ्यांत वर्षे जाणाऱ्या आमच्या पिढीला. तरीही मी याच्या विरुद्ध आहे. कॅमेरा लागला की शिक्षक हुशार मुलाला प्रश्न विचारतो. अडखळणारा मुलगा चौकटीबाहेर बसवला जातो. वर्ग ज्याच्यासाठी भरवायचा तोच त्यात राहत नाही. राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडिया वापराबद्दल सूचना काढल्या, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायला सांगितले. शिक्षकी पेशात ही मर्यादा परिपत्रकाची वाट न बघता पाळायला हवी.

तंत्रज्ञान वापरून नाव मिळवलेला शिक्षक बघायचा तर शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बघावा. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून कवितेचा आवाज, पाठाची चित्रफीत मुलाच्या घरच्या फोनवर आणायची, हे त्यांचे काम. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही क्यूआर कोड आले. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांनी फोनवर पोचवला तो धडा, स्वतःची रील नव्हे. हा फरक मी माझ्या मैत्रिणींना नेहमी सांगते.

७. फॉरवर्डमधून इतिहास शिकवता येतो

दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ हा पाठ आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे १८३२ सालचे ‘दर्पण’, आकाशवाणी, दूरदर्शन असे करत तो पाठ माध्यमांतल्या माहितीचे चिकित्सक आकलन कसे करावे इथवर येतो. हिटलरच्या बनावट डायऱ्यांच्या प्रकरणाचा दाखलाही त्यात आहे. एका जर्मन साप्ताहिकाने १९८३ मध्ये त्या खऱ्या समजून छापल्या आणि ते फसले. अनेकदा हा पाठ वाचून सोडला जातो, कारण गुण पटकन मिळतात. मला तो या वयासाठी पुस्तकातला सर्वांत उपयोगी पाठ वाटतो.

मी फळ्यावर एक फॉरवर्ड लिहिला: युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगातले सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत म्हणून जाहीर केले. वर्गातल्या बहुतेकांनी तो पाहिलेला होता. फळ्याच्या दुसऱ्या बाजूला तीन प्रश्न लिहिले. कुणी म्हटले? कधी म्हटले? त्याचे मूळ साधन कुठे आहे? शिलालेख असो वा बखर, हेच प्रश्न विचारायचे असतात, हे मुले आधीच शिकली होती. वीस मिनिटे चर्चा झाली. तारीख कुणालाच सापडेना, संदेशातही नव्हती. युनेस्कोने असे काही जाहीर केलेले नाही आणि त्यांनी तसे स्पष्टही केले आहे, हे सांगितल्यावर वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘मग आमच्या मामांनी खोटं पाठवलं?’ मी म्हटले, ‘मामांनी तपासलं नाही. तू तपासलंस.’ राष्ट्रगीताबद्दलचे प्रेम कुठल्या प्रमाणपत्रावर अवलंबून नसते, हेही बोलणे झाले. एका मुलाने ते माझ्याआधीच म्हटले.

दुसऱ्या तासाला उलट बाजू घेतली. ‘विटा देशात पहिले’ असा एक जुना मेसेज मुलांच्या घरी अजून फिरतो. मुले आता सावध झाली होती, निम्म्यांनी तो खोटा ठरवला. तपासायला सांगितले. जुनी वर्तमानपत्रे आली, नगरपरिषदेच्या फलकावरचा मजकूर वहीत उतरून आला. स्वच्छ सर्वेक्षण २०२१ मध्ये एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांत विटा पहिले, लोणावळा दुसरे आणि सासवड तिसरे आले होते. पुरस्कार २० नोव्हेंबर २०२१ रोजी दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते दिले गेले. मेसेज खरा होता, पण अपुरा: कोणत्या गटात पहिले, हे त्यातून गळले होते. मुलांनी तो मेसेज दुरुस्त करून लिहिला, गट आणि वर्ष घालून. आलेली गोष्ट सरसकट खोटी मानणे हाही आळसच, हे त्यांना या दुसऱ्या उदाहरणातून कळले. दोन्ही उदाहरणे जोडीनेच घ्यावीत, एकटे पहिले घेऊ नये.

८. मुलीने सांगितले तर तिचा फोन काढून घेऊ नका

मुलींशी बोलताना एक गोष्ट वारंवार कानावर आली. कुणी घाणेरडा मेसेज केला, फोटोत छेडछाड केली, खोटे खाते काढले, तर त्या घरी सांगत नाहीत. कारण सांगितले की पहिली शिक्षा त्यांनाच. फोन जातो, क्लास बंद होतो, कधी शाळाही बंद करायची भाषा होते, आणि स्थळे बघायला सुरुवात होते. मग त्या सहन करतात आणि त्रास देणारा मोकळा सुटतो. ‘असर’च्या त्याच अहवालात आहे की सोशल मीडिया वापरणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलामुलींपैकी ६२ टक्क्यांना एखादे खाते ब्लॉक किंवा रिपोर्ट कसे करायचे हे माहीत होते, आणि मुलींचे प्रमाण मुलग्यांपेक्षा कमी होते. ज्यांना गरज अधिक त्यांना माहिती कमी.

मार्गदर्शक मॅडमनी परवानगी दिली म्हणून एका बदली तासाला मी हे सगळे फळ्यावर लिहून दिले. आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. संदेश पुसायचे नाहीत, तो पुरावा आहे. बालकांसाठी मदत क्रमांक १०९८. पैशांची फसवणूक असेल तर १९३०. विश्वासातल्या एका मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगायचे. हा तास मुलग्यांनाही दिला, वेगळा नाही, एकत्रच. दुसऱ्याचा फोटो पुढे पाठवणारा ‘मी फक्त फॉरवर्ड केला’ म्हणून सुटत नाही, हे त्यांच्याच समोर बोलणे आवश्यक होते.

९. वडगावच्या भोंग्यातला खरा धडा

विट्याला लागून कडेगाव तालुका. त्यातले मोहित्यांचे वडगाव २०२२ साली देशभर गाजले. कोरोनानंतर मुलांचे अभ्यासातले लक्ष उडाले म्हणून ग्रामसभेने ठरवले, रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, त्यानंतर दीड तास गावात टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला कुणी मनावर घेईना, तेव्हा ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

ही बातमी सगळ्यांनी ‘मुलांच्या मोबाइलवर गावाचा उपाय’ अशी वाचली. मला त्यातले महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. भोंगा सगळ्या घरासाठी होता. आईची मालिका बंद, वडिलांचा मोबाइल बंद, मग मुलाचा अभ्यास. एकट्या मुलाला कोपऱ्यात बसवून बाकीच्यांनी रील बघायच्या, हे तिथे चालणार नव्हते.

विटा शहर आहे, यंत्रमागाची रात्रपाळी आहे, एका भोंग्याने ते थांबणार नाही. म्हणून मी आठवीला गृहपाठ दिला: सात ते साडेआठ घरात कुणाकुणाच्या हातात फोन होता, एक दिवस नोंद करा. नावे नकोत, फक्त नाते. वह्या आल्या त्यांत आजोबा, पप्पा, दादा, आई, सगळे होते. काही पालकांनी वहीतच खाली लिहिले होते की आजपासून जेवताना फोन बाजूला ठेवतो. आम्ही शिक्षकही यातून सुटत नाही. तासाला जाताना माझा फोन स्टाफरूमच्या कपाटात राहतो, आणि मुले ते बघतात.

आता परीक्षा संपतील, जूनमध्ये नवे वर्ग भरतील. पालकांना माझी विनंती आहे, पहिल्या पालकसभेत फी आणि गणवेशाचे बोलून झाले की शाळेला तीन गोष्टी विचारा. माझ्या मुलाचा फोटो कुठे जातो? तो टाकायचा निर्णय कोण घेतो? आणि मी काढायला सांगितला तर तो किती दिवसांत निघतो? उत्तर लेखी मागा.